जुन्या रिव्हॉल्व्हरची दारू आणि नवी पेठेतले एक दुकान

आजोबांच्या पश्चात वारसाहक्काने माझ्या परवान्यावर चढलेले बत्तीस बोअरचे बेल्जियन रिव्हॉल्व्हर घेऊन मी गेल्या दोन महिन्यांत सोलापुरातील नवी पेठेतल्या एका शस्त्रविक्रेत्याकडे तीन वेळा गेलो. आजोबांनी एका पत्र्याच्या डब्यात वापरलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या जपून ठेवल्या होत्या. त्या पुन्हा भरून घेता येतील का, आणि येत असल्यास त्यांत कोणती दारू घालावी, एवढाच माझा प्रश्न होता.

दुकानदारांनी आधी मूळ परवाना मागितला, त्यावरील क्रमांक शस्त्रावरच्या क्रमांकाशी ताडून पाहिला, रिव्हॉल्व्हर बिजागरीतून उघडून चक्राची पाचही घरे, म्हणजे काडतुसे बसण्याची भोके, रिकामी असल्याची बोटाने खात्री केली आणि मगच भिंग हातात घेतले. चक्रावर बेल्जियममधील लिएज शहराच्या शस्त्र-चाचणीगृहाचा अंडाकृती शिक्का होता, त्यातील ई, एल, जी ही अक्षरे अजून वाचता येत होती. मात्र धूररहित दारूची चाचणी झाल्याची खूण, म्हणजे सिंहाखालील पी व्ही ही अक्षरे, कुठेही सापडली नाहीत. “साहेब, हे हत्यार काळ्या दारूचं आहे,” असे त्यांनी सांगितले. मग त्यांनी आजच्या लांब बत्तीसचे, म्हणजे बत्तीस बोअरच्याच पण लांब पुंगळीच्या प्रकाराचे, एक निकामी, नमुन्याचे काडतूस घरात सोडून दाखवले. ते पूर्ण आत न बसता मागे तसेच उभे राहिले, कारण त्याची पुंगळी सुमारे 23 मिलिमीटर लांब असते आणि हे रिव्हॉल्व्हर 1878 मध्ये आलेल्या आखूड बत्तीससाठी घडवलेले आहे. विकण्याआधी गिऱ्हाइकाचे शस्त्र इतके बारकाईने पाहणारा दुकानदार मला तरी दुसरा भेटलेला नाही.

दारूच्या निवडीविषयी त्यांनी दिलेले स्पष्टीकरण या भेटीतील सर्वांत मोलाचा भाग होता. काळ्या दारूत साधारण 75 भाग सोरा, 15 भाग कोळसा आणि 10 भाग गंधक असते. गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावरचे शोभेचे दारूकाम पाहिलेल्या सोलापूरकराला तिचा धूर आणि वास वेगळा सांगावा लागत नाही. 1884 मध्ये फ्रान्समध्ये पॉल व्हिएय यांनी तयार केलेली धूररहित दारू नायट्रोसेल्युलोजची असते, वजनाच्या मानाने कितीतरी अधिक ऊर्जा देते आणि दाब वाढेल तसतशी अधिकच वेगाने जळते. त्यामुळे त्या काळच्या मऊ पोलादाच्या चक्रात तिचा दाब हाताबाहेर जाऊ शकतो. हे समजावताना त्यांनी घरातून राजगिरा मागवला. एक पुंगळी काठोकाठ भरून “काळी दारू एवढी” म्हणाले आणि दुसरीत जेमतेम चिमूट टाकून “बिनधुराची एवढी.” मग त्याच पुंगळीत आणखी एक चिमूट टाकली, तरी वर जागा उरलीच होती. चुकून दुप्पट भरणा झाला तर डोळ्यांना कळत नाही, हे इतक्या सोप्या रीतीने मला आजवर कोणी दाखवले नव्हते.

काळ्या दारूचेही दुखणे आहेच. तिच्या जळण्यातून निम्म्याहून अधिक वस्तुमान घन राखेच्या रूपात मागे राहते, ही राख हवेतील ओल शोषून नळी गंजवते आणि दोन-चार फैरींनंतर चक्र जड फिरू लागते. त्याच दिवशी गरम पाण्याने धुऊन, कोरडे करून तेल लावण्याला पर्याय नाही. अमेरिकेत जुन्या धाटणीच्या स्पर्धांसाठी मधोमध भोक असलेल्या चकत्यांची, पुंगळीत मुद्दाम अधिक जागा व्यापणारी ‘ट्रेल बॉस’ ही दारू लोकप्रिय झाली. तथापि तीही धूररहितच असल्याने केवळ काळ्या दारूसाठी तपासलेल्या शस्त्रात तिचा विचार करू नये, या त्यांच्या मताशी मी सहमत आहे.

पुंगळ्या भरून देण्यास मात्र त्यांनी साफ नकार दिला. 1959 च्या शस्त्र अधिनियमानुसार दारूगोळा तयार करण्यासाठी स्वतंत्र परवाना लागतो आणि शस्त्र बाळगण्याच्या परवान्यात ती मुभा येत नाही, हे त्यांनी मला अजिबात आढेवेढे न घेता सांगितले. विक्री बुडत असूनही लांब काडतुसेही त्यांनी मला दिली नाहीत.

तक्रारी दोन आहेत. तपासणीचे पैसे आधी सांगितले नव्हते आणि पावती तिसऱ्या खेपेला, तीही मागितल्यावर मिळाली. कारागीर येणार म्हणून दिलेल्या दुसऱ्या दिवशी तो आलाच नाही, आणि भर उन्हात शस्त्र घेऊन मला परत यावे लागले. एक फोन केला असता तर हेलपाटा वाचला असता. पाचपैकी चार गुण देतो. जाणाऱ्यांनी परवान्याची छायाप्रत नव्हे, मूळ परवानाच सोबत न्यावा, आणि कारागीर दुकानात आहे का हे घरूनच विचारून घ्यावे.