‘समीर’ ॲप : आकडा खरा, पण हिरवा रंग फसवा

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे ‘समीर’ हे ॲप मोफत असून, देशभरातील हवा मापन केंद्रांचे निर्देशांक ते तासागणिक दाखवते. नकाशा सुटसुटीत आहे आणि तक्रार नोंदवण्याची सोयही आहे. नेमके आपल्या वस्तीजवळ केंद्र नसेल, तर मात्र उपयोग निम्माच.

माझा मुख्य आक्षेप ॲपवर नसून त्यामागच्या मोजपट्टीवर आहे. पीएम २.५ या सूक्ष्म कणांची चोवीस तासांची सरासरी घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅमपर्यंत असली, तरी निर्देशांक १०० च्या आतच राहतो आणि हवा ‘समाधानकारक’ ठरून हिरव्या रंगात दिसते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली सुचवलेली मर्यादा मात्र १५ आहे. मुंबई व पुण्यासह भारतातील दहा शहरांमधल्या २००८ ते २०१९ या काळातील मृत्यूंच्या नोंदी तपासणारा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. या कणांचे प्रमाण दर १० मायक्रोग्रॅमने वाढले की दैनंदिन मृत्यू सुमारे १.४ टक्क्यांनी वाढतात, असे त्यात आढळले. शिवाय ६० च्या खालच्या, म्हणजे हिरव्या रंगातल्या दिवसांपुरते पाहिले असता ही वाढ कमी न होता उलट अधिक भरली. दम्याचा किंवा हृदयविकाराचा रुग्ण घरात असेल, तर ॲप जरूर ठेवावे. फक्त रंग न पाहता केंद्राच्या नावावर बोट ठेवून पीएम २.५ चा तपशील वाचावा.