बॅडलँड्स : दोन तासांत उरकण्याची जागा नव्हे

अमेरिकेतील साउथ डकोटा राज्यातून इंटरस्टेट ९० ने पश्चिमेकडे निघालेले बहुतेक प्रवासी माउंट रशमोरच्या, म्हणजे डोंगरात कोरलेल्या राष्ट्राध्यक्षांच्या चेहऱ्यांच्या, ओढीने चाललेले असतात आणि वाटेतल्या बॅडलँड्स राष्ट्रीय उद्यानाला जेमतेम दोन तास देतात. आमचाही बेत तोच होता. तो फसला हे बरेच झाले.

एक्झिट १३१ ला महामार्ग सोडल्यावर काही मैल गवताळ माळ लागतो आणि मग एकाएकी जमीन तुटून खाली पट्ट्यापट्ट्यांचे सुळके आणि घळी पसरलेल्या दिसतात. लकोटा लोकांनी या भागाला ‘माको शिचा’, म्हणजे वाईट जमीन, म्हटले ते चालणाऱ्याच्या दृष्टीने रास्तच आहे. हे सुळके घडवणारी झीज सुमारे ५ लाख वर्षांपूर्वी सुरू झाली आणि आजही वर्षाला साधारण एक इंच या वेगाने चालू आहे. त्यामुळेच दर पावसाळ्यानंतर प्राचीन प्राण्यांची नवी हाडे उघडी पडतात. यलो माउंड्सच्या पिवळ्या टेकड्या म्हणजे आटलेल्या समुद्राच्या गाळाची माती. तो समुद्र हटल्यानंतर काही काळाने आपल्याकडे दख्खनचा लाव्हा वाहू लागला.

फॉसिल एक्झिबिट ट्रेल ही पाव मैलाची फळ्यांची वाट मुलांसाठी चांगली आहे, परंतु तिथे मांडलेल्या प्रतिकृतींवर माझे समाधान झाले नाही. खरा ऐवज उद्यानाच्या बेन रायफेल पर्यटक केंद्रातील जीवाश्म प्रयोगशाळेत आहे. सूक्ष्मदर्शकाखाली एका दाताभोवतीचा दगड कणाकणाने खरवडला जात होता आणि अर्ध्या तासात नखाएवढीही जागा मोकळी झाली नव्हती. तरीही आमच्या प्रत्येक प्रश्नाला हात थांबवून उत्तर मिळाले. ‘पिग डिग’ची हकीकत तिथेच ऐकली. डुकरासारख्या प्राण्याचे म्हणून १९९३ मध्ये उकरायला घेतलेले हाड प्रत्यक्षात बिनशिंगी गेंड्याचे निघाले, मात्र खोदकामाचे नाव तेच राहिले आणि २००८ पर्यंत तिथून १९,००० हून अधिक हाडे मिळाली. ही प्रयोगशाळा उन्हाळ्यातच खुली असते, तेव्हा सहल त्या बेताने आखावी.

सावली जवळपास नाही आणि पायवाटांवर पाणी मिळत नाही. माणशी एकच बाटली नेण्याची चूक आमची होती, आणि नॉच ट्रेलची लाकडी शिडी त्यामुळे खालूनच पाहावी लागली.

बेन रायफेल केंद्राजवळच २०१० मध्ये सात वर्षांच्या मुलीला सुळेदार, मांजरासारख्या प्राण्याची कवटी दिसली होती. ती गोष्ट ऐकल्यापासून आमच्या मुलाची नजर जमिनीवरून हटेना. सापडलेली वस्तू उचलायची नाही, जागा टिपून कळवायची, असा नियम आहे. त्याने दाखवलेला पांढरा तुकडा फोटोवरून दगडच ठरला, तरी रेंजरबाईंनी त्याच्याकडून फॉर्म पूर्ण भरून घेतला.