संकासुर पांढरा दिसला तेव्हा

गुहागर तालुक्यातील आमच्या गावी शिमग्यात नमन-खेळे, म्हणजे सोंगे आणून नाचगाण्यांतून सादर होणारे कोकणातले लोकनाट्य, रात्रभर चालतात. मृदंगावर बसणारी जुनी मंडळी एकेक करून कमी होत असल्यामुळे त्यांचे खेळ नीट चित्रित करून ठेवावेत, असे बरीच वर्षे मनात होते. परंतु मांडावर, म्हणजे खेळ होतात त्या जागेवर, उजेड असतो तो चार-पाच दिव्यांचा, आणि माझ्या मोबाइलवर घेतलेले चित्रण इतके दाणेदार येई की सोंगांचे चेहरेही ओळखू येत नसत. म्हणून कमी उजेडासाठी वेगळा कॅमेरा घ्यायचे ठरवले आणि मुंबईतील एका दुकानात 18,500 रुपयांना फसलो.

खोक्यावर ‘4के’, ‘48 मेगापिक्सेल’ आणि ‘नाइट व्हिजन’ असे ठळक छापलेले होते. विक्रेत्याने आपल्या मोबाइलवर रात्रीच्या मिरवणुकीची एक सुंदर चित्रफीत दाखवली आणि ती याच कॅमेऱ्याची असल्याचे शपथेवर सांगितले. त्या चित्रफितीत माणसांच्या मागचे दिवे मोठ्या मऊ गोळ्यांसारखे विरघळलेले दिसत होते. तेवढ्यावरूनच मला शंका यायला हवी होती, कारण मागची बाजू अशी विरघळण्यासाठी मोठा सेन्सर (कॅमेऱ्यातला प्रकाश टिपणारा भाग) आणि बरेच उघडणारे लेन्सचे छिद्र लागते, आणि माझ्यासमोर ठेवलेल्या कॅमेऱ्याची लेन्स शर्टाच्या बटणाएवढी होती. मी मात्र झगझगीत ट्यूबलाइटखाली दुकानातच दोन मिनिटांचे चित्रण करून पाहिले, ते अर्थातच बरे आले, आणि रोखीने दिल्यास 2,000 रुपये कमी होतील या आमिषाला भुलून पक्के बिल न घेता एका ‘एस्टिमेट’च्या चिठ्ठीवर व्यवहार केला.

शिमग्याच्या पहिल्याच रात्री सगळे उघडे पडले. साध्या पद्धतीने घेतलेले चित्रण अडखळत होते. नाचणाऱ्यांचे हातपाय शेपटीसारखे ओढले जात होते. म्हणून ‘नाइट व्हिजन’ चालू केले, तर रंगच गेले आणि काळ्या पोशाखातला, उंच काळ्या टोपीचा आमचा संकासुर, खेळ्यांतले एक मुख्य सोंग, राखाडी, जवळजवळ पांढरा दिसू लागला. त्या सोयीचा अर्थ मला नंतर कळला: कॅमेऱ्यात इन्फ्रारेड दिवा बसवलेला असतो, तो डोळ्यांना न दिसणारा प्रकाश काही फुटांपर्यंत टाकतो, आणि काळ्या कापडाला दिलेले पुष्कळसे रंग डोळ्यांना दिसणारा प्रकाश शोषून घेत असले तरी इन्फ्रारेड परतवतात. गोठ्यावर किंवा अंगणावर नजर ठेवायला ही सोय उपयोगी आहे. सोंगे टिपण्यासाठी ती निरुपयोगी आहे.

लग्नांचे चित्रण करणाऱ्या एका मित्राने त्या फाइली संगणकावर उघडून बाकीचे समजावले. अंधार होताच यंत्र सेकंदाला 30 ऐवजी 15 चौकटीच (फ्रेम) घेत होते, म्हणून चित्र अडखळत होते. ‘4के’ हे प्रत्यक्षात लहान चित्र ताणून मोठे केलेले होते. दुकानाच्या पाटीवरची अक्षरे साध्या आणि ‘4के’ या दोन्ही चित्रणांत सारखीच धूसर होती. 4केच्या एका चौकटीत 3840 गुणिले 2160, म्हणजे सुमारे 83 लाख बिंदू (8.3 मेगापिक्सेल) असतात, तेव्हा 48 मेगापिक्सेलची फुशारकी चित्रणाच्या कामी येतच नाही. कमी उजेडासाठी नावाजलेल्या सोनी ए7एस थ्री या 2020च्या कॅमेऱ्यात मेगापिक्सेल जेमतेम 12 आहेत, मात्र त्याचा सेन्सर 36 गुणिले 24 मिलिमीटरचा आहे. माझ्या खेळण्यातल्यासारखा एक तृतीयांश इंची सेन्सर साधारण 4.8 गुणिले 3.6 मिलिमीटरचा असतो, म्हणजे क्षेत्रफळात 50 पटींचा फरक. हा फरक खोक्यावर कोणीच छापत नाही.

दुकानदाराने परत घेण्यास नकार दिला. ‘सेटिंग तुम्हाला जमले नाही’ एवढेच उत्तर मिळाले. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे तक्रार करायला गेलो, तर खरेदीचा पुरावा म्हणून माझ्याकडे ती चिठ्ठीच होती, तिच्यावर ना जीएसटी क्रमांक, ना कॅमेऱ्याचा अनुक्रमांक. रोखीत वाचवलेले 2,000 रुपये मला असे महाग पडले.

दुसऱ्या खेपेस जुना, पण नावाजलेल्या कंपनीचा, लेन्स बदलता येणारा कॅमेरा आणि एफ 1.8ची लेन्स घ्यायचे ठरवले. एफचा आकडा जितका लहान, तितके लेन्सचे छिद्र मोठे उघडते. कॅमेऱ्याबरोबर मिळणाऱ्या एफ 3.5च्या लेन्सपेक्षा ती जवळजवळ चौपट प्रकाश आत घेते. यावेळी काळा सदरा घातलेल्या पुतण्याला सोबत नेले आणि दुकानदाराला आतल्या खोलीतला एकच दिवा ठेवायला सांगितले. सेकंदाला 25 चौकटी आणि शटर सेकंदाच्या 50व्या हिश्शाला ठेवला, कारण आपली वीज 50 हर्ट्झची असल्यामुळे इतर वेगांवर काही दिवे लुकलुकताना दिसतात. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाबाबतची संवेदनशीलता, 1600, 3200 आणि 6400वर ठेवून पुतण्याला हात हलवायला लावून चित्रण केले, आणि स्वतःच्या कार्डावर ते घरी आणून मोठ्या पडद्यावर पाहिले. या खेपेच्या पहिल्या दुकानात दिवा घालवायला ‘पॉलिसी नाही’ असे सांगितले गेले, तेव्हा आम्ही चहाही न घेता बाहेर पडलो. दुसऱ्या दुकानातल्या काकांनी स्वतः उठून बटण बंद केले आणि पक्क्या बिलावर अनुक्रमांक लिहून दिला.

पुढच्या शिमग्यात संकासुर काळाच दिसला.