बागेचा सौदा: व्यापारी एकेक करून की एकदम चिठ्ठ्या?

निफाड-दिंडोरीकडे द्राक्षाची बाग द्यायची म्हटली की बहुतेक जण व्यापारी येतील तसे घेतात. एकाने मागितली, दुसऱ्याला सांगितलं, भाव थोडा चढला, असं चालतं. दुसरी तऱ्हा म्हणजे सगळ्यांना एक दिवस ठरवून द्यायचा, बंद चिठ्ठीत भाव घ्यायचा आणि चिठ्ठ्या सगळ्यांसमोर फोडायच्या. गेम थिअरीत, म्हणजे एकाचा डाव दुसऱ्याच्या डावावर अवलंबून असतो त्याच्या गणितात, पहिल्याला पाळीपाळीचा खेळ म्हणतील, दुसऱ्याला एकाच वेळचा. मी दोन्ही केलेत. हल्ली चिठ्ठ्यांकडे झुकलोय.

यात घड्याळाला महत्त्व नाही. एकाने सोमवारी चिठ्ठी दिली, दुसऱ्याने गुरुवारी, तरी पहिल्याचा आकडा दुसऱ्याला कळला नसेल तर खेळ एकाच वेळचाच. मधल्या मध्ये कुणी पाकीट उघडून पाहिलं, की तोच पाळीपाळीचा झाला.

पाळीपाळीच्या सौद्यात मला पिडलं ते एका प्रश्नाने. दुसरा व्यापारी बागेत शिरतो, घड उलटा करून बघतो, एक मणी तोंडात टाकतो आणि साखरेबद्दल चकार शब्द न काढता विचारतो, "भाऊ, आधीच्याने काय भावाने मागितली?" खरं सांगावं, ४२ रुपये, तर हा साडेबेचाळीस म्हणणार, मनात ४८ असले तरी. वाढवून सांगावं, तर गाडीत बसल्या बसल्या पहिल्याला फोन लावणार. गप्प बसावं, तर कुणी धड मागितलीच नाही असं समजणार. चिठ्ठीत ही कटकटच नाही. तिथेही तो हात राखूनच लिहितो म्हणा, पण स्वतःच्या अंदाजाने लिहितो.

या हात राखण्यावर अर्थतज्ज्ञ विल्यम व्हिकरी यांनी १९६१ साली तोड मांडली होती: सगळ्यात मोठा भाव लिहिणारा जिंकेल, पण पैसे दुसऱ्या नंबरच्या भावाने देईल. मग कमी लिहिण्यात त्याचा काही फायदा उरत नाही. कागदावर झकास आहे. ४८ ची चिठ्ठी हातात असताना ४५ ने माल द्यायचाय, हे घरी वडिलांना सांगून बघा.

उघड बोलीची बाजू लंगडी आहे असं मात्र नाही. लासलगावला कांद्याचा लिलाव उघडच होतो. मालाचं पुढे काय होईल याचा अंदाज प्रत्येकाला अर्धवटच असतो, आणि शेजारचा चढतोय हे ऐकून धीर येतो. अशा मालाला उघड बोलीत सरासरी भाव जास्त मिळू शकतो, हे मिलग्रोम आणि वेबर या अर्थतज्ज्ञांनी १९८२ मध्ये गणिताने दाखवलं. पण तिथे सगळे एका जागी उभे असतात आणि पुन्हा बोलू शकतात. बागेत आलेला पहिला व्यापारी तोवर दुसऱ्या गावात पोचलेला असतो.

चिठ्ठीचा खरा धोका पुढे आहे. ज्याचा अंदाज सगळ्यात चढा तोच जिंकतो, आणि दुसरी चिठ्ठी चार रुपयांनी खाली निघाली की त्याचा चेहरा पडतो. मग खुडा सुरू झाला की 'मणी बारीक निघाला' म्हणत भाव तोडायला बघतो. म्हणून मण्याची साइज आणि खुड्याची तारीख चिठ्ठीवरच लिहून घ्यावी, इसार त्याच दिवशी घ्यावा.

व्यापाऱ्यांनी आपसात '४० च्या वर जायचं नाही' असं ठरवलं असेल, तर उघड्यावर ते टिकतं. कुणी फुटला की लगेच दिसतं आणि बाकीचे तिथल्या तिथे त्याच्यावर चढतात. बंद चिठ्ठीत फुटणारा सापडेपर्यंत बाग त्याची झालेली असते. फुटेलच असं नाही, पण फुटायला जागा राहते.

हे सगळं तीन-चार व्यापारी खरोखर यायला तयार असतील तर. माल थोडा असेल, आभाळ भरून आलं असेल आणि दारात एकच गाडी उभी असेल, तर चिठ्ठ्यांच्या भानगडीत पडू नका. भाव पटला की क्रेट भरायला लागा.