डिझेल गाडीच्या बिलात स्पार्क प्लग! सर्व्हिसिंगला गाडी देण्याआधी वाचा

घरात एक पेट्रोल गाडी आहे आणि एक डिझेल, आणि यावेळी डिझेलवालीच्या बिलात चक्क ४ स्पार्क प्लग लावले. अहो डिझेल इंजिनला स्पार्क प्लग नसतोच! पेट्रोल ठिणगीने पेटतं, डिझेलमध्ये हवाच इतकी दाबली जाते की ती प्रचंड तापते आणि डिझेल फवारलं की आपोआप पेट घेतं. असतात ते हीटर प्लग, म्हणजे ग्लो प्लग, गार इंजिन चालू व्हायला मदत म्हणून, आणि ते चांगले असतील तर दर सर्व्हिसला बदलायची काही गरज नाही. विचारलं तर सुपरवायझर म्हणे हीटर प्लगच आहेत हो, सिस्टीमला नाव तसं येतं. मग जुने दाखवा म्हटलं तर ते भंगारात गेले. दुसऱ्या मेकॅनिककडे कव्हर उघडून बघितलं, जुनेच प्लग, गंजासकट.

पण मला खरा संताप आला तो ऑइलवरून. सुपरवायझरने डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) काढून फडक्यावर पुसून दाखवली, बघा कसं काळंकुट्ट झालंय, इंजिन फ्लश करावंच लागेल, म्हणजे आतून धुवावंच लागेल नाहीतर इंजिन बसेल. घरात आजारी माणूस असताना कोणी घाबरवावं तसं घाबरवतात हो हे लोक. डिझेलचं ऑइल बदलल्यावर थोड्याच दिवसांत काळं होतं, कारण ज्वलनाची काजळी त्यात उतरते आणि ती धरून ठेवणं हे त्या ऑइलचं कामच आहे. नुसत्या रंगावरून ते खराब झालं असं ठरत नाही, मॅन्युअलमधले किलोमीटर आणि महिने बघायचे. वर गाडीला डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, असून कमी राख होणारं ऑइल न टाकता साधंच टाकलं, त्याची राख फिल्टरमध्ये साठत जाते आणि ती जाळून निघत नाही.

आणि जे करायला हवं होतं ते केलंच नाही, डिझेल फिल्टर बिलात नवा, गाडीत जुनाच, त्यातलं पाणीसुद्धा काढलेलं नाही. कॉमन रेलमध्ये, म्हणजे डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या नळीत, प्रेशर दीड-दोन हजार बारपर्यंत जातं, टायरमध्ये साधारण २ बार असतं, म्हणजे विचार करा पाणी आत गेलं तर पंप आणि इंजेक्टरचं काय होईल, आणि तो खर्च सगळ्यात मोठा.

पेट्रोलवाल्यांनीही बिल नीट बघा, तुम्हाला प्लग खरंच लागतात पण इरिडियमचे (त्या धातूचं टोक असलेल्या, जास्त टिकणाऱ्या प्लगचे) पैसे घेऊन साधे बसवतात, इरिडियम १ लाख किमीच्या आसपास जातात, साधे ३०-४० हजार.

गाडी देतानाच जॉब कार्डवर लिहून घ्या की काढलेले पार्ट परत पाहिजेत, आणि ऑइलच्या डब्यावरचा ग्रेड फोटो काढून मागा. प्लगचे पैसे मला भांडून परत मिळाले, फ्लशचे आणि फिल्टरचे अजून नाही, लेखी तक्रार दिली आहे.