सचिनच्या शतकांवरून संभाव्यता, पुस्तक घ्या पण मागची उत्तरं बघू नका

पोराची यंदा दहावी, आणि बोर्डाच्या गणित भाग १ मधलं संभाव्यतेचं प्रकरण काही केल्या डोक्यात शिरेना, फासे नि पत्ते म्हणलं की जांभया सुरू. म्हणून अप्पा बळवंत चौकातून हे क्रिकेटच्या आकड्यांवरचं सराव पुस्तक उचललं, १८० रुपये, कागद इतका पातळ की मागचं छापलेलं पुढं दिसतंय.

पण आतला माल भारी आहे राव. सुरुवातच सचिनच्या वनडेपासून. ४५२ डाव, ४९ शतकं, म्हणजे एका डावात शतकाची संभाव्यता ४९ भागिले ४५२, साधारण ११ टक्के. हे कुणीही करेल. खरी मजा पुढच्या पानावर, तिथं तेच आकडे फोडलेत, ओपनिंगला ३४० डावांत ४५ शतकं आणि बाकी नंबरांवर ११२ डावांत फक्त ४, म्हणजे एकीकडं १३ टक्के नि दुसरीकडं साडेतीन. पोरगं आपणहून म्हणालं, "बाबा, मग ते ११ कुठल्याच नंबरचं नाही की!" क्लासला इतके पैसे भरून हे वाक्य ऐकायला मिळालं नव्हतं.

आता रडगाणं. "एका डावात ५० किंवा जास्त" या गणिताचं मागचं उत्तर ९६ भागिले ४६३ दिलंय, एका ओळीत दोन घोळ!! ९६ ही नुसती अर्धशतकं, त्यात शतकं धरत नाहीत, ती मिळवली की १४५ होतात. आणि ४६३ म्हणजे सामने हो, त्यातल्या ११ मध्ये त्याची बॅटिंगच आली नाही, मग भागायचं ४५२ नंच. खरं उत्तर ३२ टक्के, ह्यांचं २१. पोरानं १४५ लिहिलं होतं, मागचं पान बघून खोडलं, वहीत ती काट अजून दिसते.

दुसरं म्हणजे सलग दोन डावांत शतक काढायला ११ टक्क्याला ११ टक्क्यानं गुणून मोकळे, सव्वा टक्का. दोन डावांचा एकमेकांशी संबंध नाही असं धरलंय हे एका शब्दानं तरी सांगा ना! शारजात १९९८ ला २२ एप्रिलला १४३ नि २४ ला १३४ मारणाऱ्या माणसाचा फॉर्म म्हणजे काय नाणेफेक आहे?

तरी साडेतीन स्टार. मी पिना उचकटून उत्तरांची पानं काढलीत, ती आता माझ्या कपाटात.