गिनीपिगसाठी घर मांडलं त्याला काही महिने झाले: काय टिकलं, काय माळ्यावर गेलं

भुरी आणि ठिपकी, आमच्या दोन्ही गिनीपिग, आता घरात चांगल्या रुळल्यात. त्या येण्याआधी जे जे जमवलं होतं, त्यातलं काय रोज हाताला लागतं आणि काय माळ्यावर गेलं हे आता ठामपणे सांगता येतं. माझं मत आधीच सांगून टाकते. पैसे जमिनीवर घाला. म्हणजे आधी पिंजऱ्याचं क्षेत्रफळ, मग त्यावर अंथरायचं कापड, मग त्यावर पसरायचं गवत. रंगीत घरटी, झुले, शिड्या ही आपली हौस. हौसेला ना नाही, पण ती शेवटी.

'गिनीपिगचा पिंजरा' म्हणून जे तयार मिळतं, त्यातल्या बऱ्याचशा पिंजऱ्यांत दोन गिनीपिग मावतात खऱ्या, पण राहू शकत नाहीत. हा चढणारा प्राणी नव्हे, पळणारा आहे. हॅमस्टरला मजले चालतात, यांना सपाट लांबी लागते. दोघींसाठी किमान साडेसात चौरस फूट असं माप जाणकार सांगतात आणि जमलं तर साडेदहा. आम्ही 14 इंची चौकोनी जाळ्या केबल टायनं जोडल्या, दोन रुंदीला आणि चार लांबीला. आत पन्हळी प्लास्टिकच्या शीटचा उथळ ट्रे. हा ट्रे घरी करणं अजिबात अवघड नाही. चारही कडांपासून सहा इंचांवर रेघ मारायची, कटरनं शीटचा फक्त वरचा पापुद्रा कापायचा आणि कापाच्या उलट्या बाजूला दुमडायचं. कोपऱ्यात चीर देऊन बाहेरून चिकटपट्टी लावली की झालं. इतके महिने झाले, ट्रे जसाच्या तसा आहे. कडेला थोडं कुरतडलंय, तेवढंच.

जाळी घेताना भोकांचं माप मात्र बघा. दीड इंचापेक्षा मोठी भोकं असतील तर पिल्लाचं डोकं त्यात अडकू शकतं. आणि खाली तारेचा तळ असलेला पिंजरा कुणी फुकट दिला तरी घेऊ नका. त्यांच्या तळपायाला केस नसतात, सगळं वजन त्या उघड्या कातडीवर येतं. कडक किंवा ओल्या तळावर राहून पायाला सूज, मग जखम आणि पू होतो. तो बरा करता करता महिने जातात.

पिंजरा कुठे ठेवायचा, याचा विचार आम्ही पिंजऱ्यापेक्षा जास्त केला आणि ते बरं झालं. यांना 18 ते 24 अंशांच्या आसपासचं तापमान मानवतं. त्यांना घाम येत नाही, त्यामुळे 27-28 अंशांच्या वर गेलं की उष्माघाताची भीती खरी असते. खिडकीतून थेट ऊन येणारी जागा बाद, पंख्याचा किंवा एसीचा झोत अंगावर येणारी जागाही बाद. उकाड्याच्या दिवसांत आम्ही एक फरशीचा तुकडा आत ठेवतो आणि पाण्याची गोठवलेली बाटली कापडात गुंडाळून कोपऱ्यात आडवी टाकतो. भुरी तिला पाठ लावून पसरते, ठिपकी ढुंकूनही बघत नाही.

दुसरा मुद्दा उंचीचा. पिंजरा जमिनीवर असला की आपला हात नेहमी वरून येतो, आणि निसर्गात यांच्यावर वरून येणारी गोष्ट म्हणजे ससाणा. आम्ही पिंजरा गुडघाभर उंचीच्या बैठ्या टेबलावर ठेवला आणि समोरची एक जाळी दारासारखी उघडी-मिटी केली. हात आता त्यांच्या डोळ्यांसमोरून, बाजूनं जातो. नुसत्या एवढ्यानं त्यांचं बिचकणं कितीतरी कमी झालं. टेबल पिंजऱ्यापेक्षा चार बोटं मोठं घ्या. दार उघडं राहिलं आणि एखादी उडी मारून खाली आली तर हाड मोडू शकतं. आई पहिल्यांदा बघून म्हणाली, "अगं, अर्धी खोली यांनाच दिलीस की!" आता संध्याकाळी खुर्ची ओढून तीच तिथे बसते.

आता फ्लीस, म्हणजे पिंजऱ्यात अंथरायचं मऊ, लोकरीसारखं कृत्रिम कापड. यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय, कारण रोजचं काम इथेच असतं. फ्लीसची गंमत अशी की ओल वरच्या पृष्ठभागावर न राहता खाली झिरपते आणि खालचं टॉवेलसारखं जाड कापड ती शोषून घेतं, वर त्यांचे पाय कोरडे. पण नवंकोरं फ्लीस हे काम करत नाही. ते पाणी झिडकारतं. चार-पाच वेळा गरम पाण्यात, फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात न घालता धुतल्यावरच ते झिरपू लागतं. तपासायला चमचाभर पाणी ओता. थेंब मोत्यासारखा वर बसून राहिला तर अजून एक धुणं बाकी आहे. सॉफ्टनर एकदा जरी पडला तरी धाग्यावर थर बसतो आणि सगळं मुसळ केरात.

आमचा नेम असा. लेंड्या दिवसातून एकदा छोट्या सुपलीनं आणि ब्रशनं झाडायच्या, कापड तीन-चार दिवसांनी बदलायचं. धुण्याआधी बाहेर जोरात झटकायचं, तरी केस आणि गवताच्या काड्या राहतातच. त्या मशीनच्या गाळणीत अडकू नयेत म्हणून सगळं एका मोठ्या जाळीच्या पिशवीत घालून धुते. फ्लीसचे तीन संच लागतातच: एक अंथरलेला, एक धुण्यात, एक घडी करून. ज्यांना आठवड्याला दोन जास्तीची धुणी झेपणार नाहीत त्यांनी सरळ कागदी भुसा वापरावा. खर्च जास्त, काम कमी. लाकडाचा भुसा घ्यायचाच असेल तर सीडरचा आणि भट्टीत न वाळवलेल्या पाइनचा टाळा. त्यांचा जो छान वास येतो तोच यांच्या श्वासनलिकेला बाधतो.

वासाबद्दल सगळे विचारतात. कापड वेळच्या वेळी बदललं तर खोलीत वास येत नाही, बदललं नाही तर येतो, इतकं साधं गणित आहे. ट्रेवर पांढरट थर साचतो तो लघवीतल्या कॅल्शियमचा. साबणानं निघत नाही, व्हिनेगर आणि पाणी सारखं घेऊन पाच मिनिटं ठेवलं की निघतो. वाळून पिठासारखं दिसलं तर काळजी नाही, पण वाळूसारखं खरखरीत लागलं किंवा लाल दिसलं तर मूतखड्याची शंका घेऊन दवाखाना गाठायचा.

गवत. यांच्या आहारातला सिंहाचा वाटा वाळलेल्या गवताचा आणि ते चोवीस तास समोर हवं. त्यांचे वीसही दात आयुष्यभर वाढत असतात, गवत चावूनच ते झिजतात. पोट चालू राहायलाही तेच तंतू लागतात. मोठ्यांना टिमोथी किंवा तसलंच दुसरं गवत द्यायचं. लसूणघास सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लांना आणि गाभण मादीला ठीक, एरवी त्यातलं कॅल्शियम जास्त होतं. गवत हवाबंद पिशवीत ठेवलं तर कोंदटतं आणि बुरशी धरतं. आम्ही जुन्या उशीच्या अभ्र्यात ठेवतो.

ते द्यायचं कशात, यावर बाजारात बरंच काही आहे. टांगायचा तारेचा गोळा अनेक जण घेतात. मला तो धोक्याचा वाटतो, त्यात डोकं घालता येतं पण काढता येईलच असं नाही. आमच्याकडे पिंजऱ्याच्या एका टोकाला मोठा उथळ ट्रे आहे, तळाशी कागदी भुसा आणि वर गवताचा ढीग. या बायका खाता खाताच शी-शू करतात, त्यामुळे निम्म्याहून जास्त घाण त्या एकाच ट्रेमध्ये होते आणि फ्लीस जास्त टिकतं. अख्ख्या मांडणीतली ही युक्ती मी सगळ्यात वर ठेवेन. तोटा एकच, गवत सगळ्या घरात सापडतं. मोज्यात, सोफ्याच्या फटीत, लॅपटॉपच्या कळांत. गवताच्या धुळीची ॲलर्जी असणारं कुणी घरात असेल तर आणण्याआधीच याचा विचार करा.

पाण्याची बाटली गोळीवाली आहे. पहिली सतत ठिबकायची, ती बदलली. गोळी अधूनमधून अडकते, म्हणून रोज बोटानं टिचकी मारून पाणी येतंय ना ते बघते, आणि दोन बाटल्या टांगल्यात. क जीवनसत्त्वाचे थेंब पाण्यात घालायला सांगतात, ते मी करत नाही. पाण्यात ते लवकर निकामी होतं, वर चव बदलली म्हणून पाणी पिणंच कमी व्हायचं. पण क जीवनसत्त्व स्वतः अत्यावश्यक आहे. आपल्यासारखंच गिनीपिगचं शरीरही ते तयार करू शकत नाही. दर किलो वजनामागे रोज 10 ते 30 मिलिग्रॅम लागतं, मिळालं नाही तर स्कर्व्ही होतो, सांधे दुखतात, केस खरखरीत होतात. ढोबळी मिरचीची एक जाड फोड रोज प्रत्येकीला, शिवाय पालेभाजी, यात ते भागतं. पेलेट, म्हणजे पाकिटात मिळणाऱ्या खाण्याच्या तयार गोळ्या, थोडेच, आणि पाकिटावरची तयार केल्याची तारीख बघून. साठवणीत त्यातलं क जीवनसत्त्व उतरत जातं, म्हणून मोठं पोतं स्वस्त पडलं तरी घेत नाही. कांदा, लसूण, बटाटा वर्ज्य.

लपायच्या जागांबाबत एकच नियम: प्रत्येकीला स्वतंत्र आणि प्रत्येकीला दोन दारं. भेट म्हणून आलेलं लाकडी घरटं दिसायला इतकं गोड होतं की फोटो काढावा. त्याला दार एकच. ठिपकी त्या दारात ठाण मांडून बसायची, भुरी आत कोंडलेली, मग दातांची करकर सुरू. ती करकर म्हणजे 'आता मागे हो'. शिवाय लाकडात लघवी मुरली ती मुरलीच. त्याच्या जागी पुठ्ठ्याची दोन खोकी आली, दोन्ही बाजूंना भोकं पाडलेली. खराब झालं की फेकायचं, दुसरं आणायचं. एका कोपऱ्यात फ्लीसचा पडदा झालरीसारखा कापून टांगलाय, त्याखालून आरपार पळणं हा त्यांचा रोजचा उद्योग.

फिरतं चाक आणि प्लास्टिकचा पळायचा चेंडू कुणी सुचवला तर हात जोडा. यांच्या पाठीचा कणा त्यासाठी नाही. पट्टा लावून फिरवणंही तसंच. मोकळं सोडायचं तर खोलीतल्या वायरी आधी उचला, नाहीतर फोनचा चार्जर त्या खाऊन दाखवतील.

जोडी हवीच. एकटा गिनीपिग कुढतो, आणि स्वित्झर्लंडमध्ये तर 2008 पासून त्याला एकटं ठेवणं कायद्यानंच बंद आहे. विकणाऱ्यानं 'दोन्ही माद्याच आहेत' असं सांगितलं तरी पशुवैद्याकडून खात्री करून घ्या. नर तीन-चार आठवड्यांचा झाला की वीतभर अंगाचा तो बापही होऊ शकतो, आणि मादीची पहिली वीण सहा-सात महिन्यांच्या पुढे लांबली असेल तर ओटीपोटाचं हाड जुळून आल्यामुळे बाळंतपण जिवावर बेतू शकतं. सशाला यांच्या पिंजऱ्यात ठेवायचा विचारही करू नका.

सगळ्यात उपयोगी पडलेली वस्तू कुठल्याही यादीत नसते: स्वयंपाकघरातला वजनकाटा. हा प्राणी आजार लपवण्यात पटाईत आहे, शिकार होणाऱ्या जनावरानं अशक्तपणा दाखवून चालत नाही. बाहेरून काही दिसायच्या आधी वजन उतरतं. दर रविवारी खोल भांड्यात कोथिंबिरीची काडी टाकायची, एकीला आत बसवायचं, ती चावण्यात गुंतली की आकडा टिपायचा. वीसेक ग्रॅम इकडेतिकडे होतात. सलग दोन वेळा उतरतं वजन दिसलं तर मी वाट बघत नाही. आणि बारा तास काहीच खाल्लं नाही तर ती तातडीची वेळ समजायची, यांचं आतडं थांबलं की परिस्थिती भराभर बिघडते.

म्हणून गिनीपिग आणण्याआधी असे छोटे प्राणी तपासणारा पशुवैद्य शोधून ठेवा. कुत्र्या-मांजरांना सर्रास दिलं जाणारं अमॉक्सिसिलिन यांना तोंडानं दिलं तर आतड्यातले चांगले जंतू मरून प्राणी दगावू शकतो. हे माहीत असलेला डॉक्टर हवा.

बाहेरगावी जाताना भरपूर खाणं ठेवून कुलूप लावता येत नाही, रोज कुणीतरी डोकवायला लागतं. आम्ही किल्ली शेजारी देतो आणि पिंजऱ्यावर कागद चिकटवतो: गवत संपू द्यायचं नाही, पाणी रोज बदलायचं, बाटलीला टिचकी मारून बघायचं, आणि दोघींपैकी एक जरी कोथिंबिरीला धावून आली नाही तर लगेच फोन करायचा.